लाव्याचे घरटे : करुणेला प्रज्ञेची जोड

आपल्या शाळेच्या प्रार्थनासभेत त्रिशरण-पंचशीलानंतर रोज एक विद्यार्थी पुढे येतो आणि आदल्या दिवशी परिसरात पाहिलेल्या एखाद्या गोष्टीविषयी चार वाक्ये बोलतो. जुन्या माजी विद्यार्थ्यांना ही प्रथा ठाऊक नसेल, कारण ती अलीकडची आहे. ती कशी सुरू झाली, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने नोंदवून ठेवावे असे आम्हा शिक्षकांना वाटले. तिच्या मुळाशी लावा पक्ष्याची सहा अंडी आहेत, आणि आमची स्वतःची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदातील एका रविवारी सहावीतील तीन मुले शाळेमागच्या माळावरून धावत परतली. एकाच्या टोपीत वाळलेले गवत होते आणि गवतावर सहा अंडी होती. पिवळसर पांढरी, एकही ठिपका नसलेली, मोठ्या बोराहून किंचित मोठी. मुलांनी सांगितले की गवताच्या बुडख्यापाशी जमिनीवरच ही अंडी होती. त्यांची चाहूल लागताच पक्षीण भुर्रकन उडाली ती परत आलीच नाही. तेवढ्यात शेळ्यांचा कळप त्या बाजूला वळताना दिसला. अंडी तुडवली जातील म्हणून त्यांनी ती उचलून आणली.

त्याच आठवड्यात आम्ही वर्गात पहिल्या शीलाचा अर्थ समजावून सांगितला होता. जीवहिंसेपासून दूर राहणे एवढ्यावर न थांबता जिवाचे रक्षण करणे हीही त्याचीच बाजू आहे, असे आम्ही म्हटले होते. साहजिकच आम्हाला मुलांचे कौतुक वाटले. दुसऱ्या दिवशी सभेत तिघांना पुढे बोलावून आम्ही टाळ्या वाजवल्या. खोक्यात कापूस घातला, वर दिवा टांगला आणि मुलांनी आळीपाळीने पहारा दिला. पंधरा दिवस गेले, वीस दिवस गेले. एकही अंडे फुटले नाही. अखेर एका अंड्याला वास येऊ लागला तेव्हा ती सर्व अंडी बागेत पुरावी लागली. त्या वेळी टोपीतून अंडी आणणारा मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही आमचे कौतुक केले होते. मग अंडी का मेली?"

आमच्यापैकी कोणाजवळही याचे उत्तर नव्हते. विज्ञानाची पदवी होती, धम्माचे वाचन होते. पण ज्या माळावर शाळा उभी आहे त्या माळावर कोण कसे जगते, हे आम्ही कधी पाहिले नव्हते.

आजोबांचा तास

उत्तर मिळाले ते पालकभेटीच्या दिवशी. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा फासेपारधी समाजातील आहेत. नातवाने त्यांना अंड्यांची हकिकत सांगितली होती. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, ती सोडून गेली नव्हती. पोरं कधी जातात याची वाट बघत जवळच बसली होती."

हे एक वाक्य बोलायला त्यांना वेळ का लागला, हे नंतर आमच्या ध्यानात आले. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अनेक भटक्या समूहांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. तो कायदा रद्द होऊन १९५२ साली हे समूह विमुक्त झाले. पण लोकांच्या नजरेतला शिक्का तेवढ्याने पुसला गेला नाही. तितर आणि लावे धरण्याची विद्या ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांना या पक्ष्याविषयी चारचौघांत बोलणे म्हणजे स्वतःहून चौकशी ओढवून घेणे वाटते. आजोबांनी फासे कधीच टाकून दिले होते. फाशांबरोबर त्यांचे ज्ञानही कोणी न विचारल्यामुळे पडून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हाला माळावर घेऊन गेले. पुढचे दोन तास ते शिक्षक होते आणि आम्ही विद्यार्थी. त्या तासाला पुस्तकांची व पुढच्या निरीक्षणांची जोड देऊन जो पाठ तयार झाला, त्याचा सारांश येथे देत आहोत.

लावा कोण आहे

आपल्याकडे कोणी याला लावा म्हणतो, कोणी लावरी. बाजारात हिंदी-उर्दूतून आलेला 'बटेर' हा शब्द चालतो. पालीत याची दोन नावे आढळतात, 'वट्टक' आणि 'लाप'. आपला 'लावा' हा शब्द त्याच 'लाप'च्या कुळातला आहे. शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द आणि त्रिपिटकातला शब्द एकाच घरचे आहेत हे कळल्यावर मुलांना पाली परकी वाटत नाही, हा आमचा अनुभव आहे.

कोंबडी, तितर आणि मोर यांच्या कुळातला हा लहानसा, गोलसर, आखूड शेपटीचा पक्षी आहे. तो मुठीत मावेल एवढाच असतो. बालाघाटच्या खडकाळ माळांवर, बोरी-बाभळीच्या झुडपांत आणि ज्वारी-बाजरीच्या शेतांत त्याचा वावर असतो. मात्र 'लावा' या एका नावाखाली आपल्या जिल्ह्यात निरनिराळे पक्षी येतात आणि मुलांना त्यांतला भेद समजणे आवश्यक आहे.

पहिला झुडपी लावा. हा बाराही महिने येथेच राहतो. त्याचा एक प्रकार गवत-झुडपांत, तर दुसरा अधिक कोरड्या व दगडगोट्यांच्या माळावर आढळतो. दोन्ही प्रकारांत नराच्या छातीवर पांढऱ्यावर काळ्या बारीक आडव्या रेघा असतात. हे पक्षी लहान थव्याने राहतात. मुलांनी उचललेली अंडी याचीच होती, कारण याच्या अंड्यांवर ठिपके नसतात.

दुसरा पावसाळी लावा. नराच्या छातीवर काळा डाग असतो. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ गवतातून दोन तुटक स्वरांची शीळ वारंवार ऐकू येते ती याची. याची अंडी ठिपक्यांची असतात.

तिसरा हिवाळी पाहुणा. हा आकाराने थोडा मोठा असतो आणि थंडीच्या सुरुवातीला उत्तरेकडून येतो. इतरांपेक्षा लांब व टोकदार पंखांच्या बळावर एवढासा जीव रात्रीच्या अंधारात शेकडो कोस प्रवास करतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो.

चौथा दिसायला लावा, पण कुळाने लावा नव्हे. याच्या पायाला मागचे बोट नसते, तिन्ही बोटे पुढे असतात. शास्त्रज्ञ याला किनाऱ्यावरील टिटवी-कुरव यांच्या गणात घालतात. याच्यात मादी मोठी व ठळक रंगाची असते आणि तीच घुमणारा आवाज काढून नराला बोलावते. अंडी घालून ती निघून जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे हे सर्व नर करतो. हा भाग शिकवताना वर्गात हमखास हशा पिकतो आणि मग शांतता पसरते. एकदा एक मुलगी उठून म्हणाली, "मग बाईनेच पोरे सांभाळायची, हा निसर्गाचा नियम नाही तर!" आम्ही फळ्यावर काहीही लिहिले नाही. धडा तिने शिकवला होता.

बाजारात विकली जाणारी, पिंजऱ्यात वाढवलेली लावी ही यांच्यापैकी कोणतीच नव्हे. ती मूळची जपानी जात असून पाळीव झालेली आहे. रानातला लावा पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. अंड्यांची नासधूस करणे व घरट्याला त्रास देणे हेदेखील त्या कायद्याने शिकारीच्या व्याख्येत घातले आहे. आम्ही ज्या कृत्याला टाळ्या वाजवल्या ते कायद्यालाही मान्य नव्हते, हे मुलांना सांगताना आम्हाला ओशाळे वाटले, पण सांगितले.

अंड्यापासून उड्डाणापर्यंत

लाव्याला झाड लागत नाही. गवताच्या बुडख्यापाशी किंवा झुडपाच्या आडोशाला जमिनीत उथळ खळगा, त्यात थोडे वाळले गवत, एवढेच त्याचे घर. झुडपी लाव्याची मादी बहुधा चार ते आठ अंडी घालते. ती रोज एक अंडे घालते आणि सर्व अंडी होईपर्यंत उबवायला बसत नाही. त्यामुळे अंडी वेगवेगळ्या दिवशी घातलेली असली तरी पिल्ले जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. तोवर अंडी काही दिवस थंडच पडलेली असतात. थंड अंडे म्हणजे टाकून दिलेले अंडे नव्हे.

उबवणे सुरू झाल्यावर सुमारे सोळा ते अठरा दिवस लागतात. या काळात मादीची संरक्षणाची एकच रीत असते : हालचाल न करणे. तिच्या पाठीवरचे तपकिरी, काळे व फिकट फराटे वाळल्या गवतात असे मिसळून जातात की दोन पावलांवरूनही ती दिसत नाही. पाय अगदी अंगावर पडेल असे वाटले तरच ती उडते, थोड्या अंतरावर उतरते आणि धोका टळेपर्यंत दडून राहते. मुलांनी तिला उडताना पाहिले ते अर्धे सत्य होते. ती परतण्यासाठी दडली होती, हे उरलेले अर्धे. घरट्यापाशी उभे राहून 'आई येते का' हे बघणाऱ्या मुलांमुळेच आई येऊ शकत नव्हती.

आता दिव्याखालच्या खोक्याचे काय चुकले? उबवणाऱ्या मादीच्या पोटाखाली अंड्याला जवळपास माणसाच्या अंगाएवढी ऊब एकसारखी मिळते. ती अंडी चोचीने फिरवत राहते, त्यामुळे आतला जीव कवचाला चिकटत नाही. तिच्या अंगाखाली ओलावाही टिकतो. आमच्या दिव्याने वरून भाजले, खालून गार ठेवले, हवा कोरडी केली. आणि रात्री वीज गेली की तीही ऊब संपे. कोणी फिरवण्याचा प्रश्नच नव्हता. मुलांचा पहारा प्रामाणिक होता, पण अंड्याला पहारेकरी नको होता.

पिल्लू बाहेर येताना आतून चोचीने अंड्याच्या रुंद टोकाशी गोल काप घेत जाते आणि टोपण उघडावे तसे ते टोक सुटते. म्हणून पिल्ले सुखरूप निघाली असतील तर घरट्यात वाटीसारखी कवचे आणि त्यांची टोपणे मिळतात. मुंगूस किंवा कुत्र्याने अंडी खाल्ली असतील तर कवचाचा चुरा व ओलसर डाग दिसतात. आजोबांनी हे दाखवले तेव्हा, रिकाम्या घरट्यालाही वाचता येते हे आम्हाला प्रथमच कळले.

चिमणीचे पिल्लू जन्मतः उघडे व आंधळे असते. लाव्याचे पिल्लू तसे नसते. त्याच्या अंगावर लव असते, डोळे उघडे असतात आणि अंग सुकताच ते आईमागे चालू लागते. ती घरट्याकडे पुन्हा परतत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत त्यांना वाढीसाठी किडे, वाळवी व मुंग्या लागतात. मोठेपणी गवताचे व तणांचे बी हे मुख्य अन्न होते. ज्या बांधावर तणनाशक फवारले जाते तेथे बी मिळत नाही आणि ज्या पिकावर सतत विष पडते तेथे पिल्लांना किडा मिळत नाही.

झुडपी लाव्यांचा थवा सकाळ-संध्याकाळ पाण्याकडे जातो तेव्हा गवतातल्या ठरलेल्या वाटेने एकामागे एक रांगेने चालत जातो. धोका दिसताच सगळे एकत्र दडून बसतात आणि अगदी शेवटच्या क्षणी चहूदिशांना एकदम उडतात. शिकारी गोंधळतो, कोणा एकावर नजर ठरत नाही. मग वेगवेगळ्या झुडपांतून हळू शिळा ऐकू येतात आणि विखुरलेला थवा त्या आवाजाच्या मागाने पुन्हा एक होतो.

धम्मसाहित्यातील तीन लावे

हा सर्व भाग समजल्यावरच आम्ही मुलांना जातककथांकडे नेतो. पूर्वी आम्ही उलट करत होतो.

सम्मोदमान जातकात पारध्याच्या जाळ्यात सापडलेले लावे एका मुखाने जोर करतात, जाळ्यासह उडतात आणि ते काटेरी झुडपावर टाकून सुटतात. पुढे एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडल्याचे निमित्त होते, 'तूच उचल' असे एकमेकांना सुनावणे सुरू होते आणि सगळेच पकडले जातात. ही कथा बुद्धांनी कपिलवस्तूच्या नातलगांना ज्या भांडणावरून सांगितली असे मानतात, ते भांडण डोक्यावरच्या चुंबळीवरून होते. पालीत तिला 'चुंबटक' म्हणतात. उसाची मोळी डोक्यावर घेणाऱ्या आयांच्या मुलांना चुंबळ समजावून सांगावी लागत नाही.

संयुत्तनिकायातील सकुणग्घि सुत्तात आणि त्याच नावाच्या जातकात नांगरलेल्या शेतातला लावा येतो. स्वतःची जागा सोडून भटकल्यावर ससाणा त्याला पकडतो. पण आपल्या ढेकळांच्या रानात परतल्यावर तो ससाण्याला आव्हान देतो आणि ऐनवेळी ढेकळाआड सरकतो. वेगाने झेपावलेला ससाणा ढेकळावर आपटतो. आपले क्षेत्र म्हणजे जागरूकता, ते सोडले की मार गाठतो, असा त्याचा बोध आहे. मुलांना हा बोध नांगरटीच्या रानात बसून समजतो. तपकिरी कागदाचे वीस तुकडे ढेकळांत टाकून वर्गाला शोधायला सांगितले, तर पहिल्या फेरीत बरेच तुकडे सापडतच नाहीत. तिथेच रंगांचा आणि स्थिरतेचा अर्थ उमगतो.

तिसरी कथा वट्टक जातकाची. वणवा येतो, आईबाप उडून जातात. पंख आहेत पण उडता येत नाही, पाय आहेत पण चालता येत नाही, असे लाव्याचे पिल्लू घरट्यात एकटे उरते. ते सत्यवचन उच्चारते आणि आग मागे हटते. ब्रह्मदेशात हे वचन परित्राणपाठात आजही म्हटले जाते.

ही कथा सांगितल्यावर टोपीतून अंडी आणणारा तोच मुलगा, आता सातवीत गेलेला, उभा राहिला. त्याने विचारले, "लाव्याचे पिल्लू तर पहिल्याच दिवशी चालते, असे आपण शिकलो. मग कथेत त्याला चालता का येत नाही? आणि खरे बोलल्याने आग विझते का?"

आम्हाला मनापासून आनंद झाला. बुद्धांनी कालामांना दिलेला उपदेश हाच होता : परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले, एवढ्यावरून मानू नका, स्वतः तपासून पाहा. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म याच पायावर उभा आहे. आम्ही मुलांना स्पष्ट सांगितले की जातककथा हे पक्षिशास्त्राचे पुस्तक नाही. कथाकाराने असहायतेचे चित्र रंगवण्यासाठी दुसऱ्या पक्ष्यांच्या पिल्लांची स्थिती लाव्याला दिली असावी. आणि शब्दाने आग विझत नाही. मग सत्याचा आगीशी संबंध काय? तो आम्ही मुलांबरोबर शोधला आणि तो आपल्या बांधावर सापडला.

बांधावरची आग

उन्हाळ्याच्या तोंडाशी बांध पेटवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तण जळावे, काट्याकुट्या जाव्यात, पावसात नवे गवत यावे, असा त्यामागे हेतू असतो. ऊस तुटल्यावर पाचट जाळले जाते. झुडपी लाव्याच्या विणीचा काळ मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत पसरलेला असतो. वर सांगितल्याप्रमाणे मादी शेवटच्या क्षणापर्यंत जागा सोडत नाही. मोठे पक्षी कदाचित उडून जातील, पिल्ले कदाचित धावतील. अंडे कोठे जाणार? वट्टक जातकातील असहाय जीव निसर्गात शोधायचा झाला तर तो पिल्लू नसून अंडे आहे.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी लिहवलेल्या पाचव्या स्तंभलेखात, ज्यात जीवजंतू आहेत असे भूस जाळू नये आणि विनाकारण किंवा प्राणिहिंसेसाठी रान पेटवू नये, अशी आज्ञा आहे. दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या राजाला भुसातले जीव दिसत होते. आम्हाला आमच्या माळावरचे दिसत नव्हते.

म्हणून सत्यक्रियेचा अर्थ आम्ही मुलांना असा सांगतो : जे खरे आहे ते आधी पाहून घेणे आणि मग तसे वागणे. या गवतात अंडी आहेत हे सत्य ज्याला ठाऊक आहे तो काडी ओढताना थांबतो. त्याच्या थांबण्यानेच आग मागे हटते.

पालकांपैकी बहुतेक शेतकरी, शेतमजूर किंवा ऊसतोड कामगार आहेत. त्यांच्यावर उपदेशाचे ओझे टाकण्याचा आमचा हेतू नाही. करता येण्याजोग्या गोष्टी तेवढ्या सांगतो. बांध पेटवण्याऐवजी विळ्याने कापावा. तेच गवत जनावरांना किंवा आच्छादनाला उपयोगी पडते. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरले तर जमिनीत ओल टिकते, तण कमी उगवते आणि कुजल्यावर ते खत होते. पाण्याची ओढ असलेल्या आपल्या जिल्ह्यात हा लाभ लहान नाही. पेटवणे अगदीच टळत नसेल तर आधी दोघांनी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जावे. पक्षी उडाला तर ती जागा आणि भोवतालचे गवत सोडून द्यावे. पिल्ले निघेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबणे एवढाच त्याचा खर्च आहे.

आता हा पाठ कसा घेतला जातो

आता सहावीचा वर्ग वर्षभर लाव्याची वही ठेवतो. वहीत तारीख, वेळ, जागा, किती पक्षी, काय करत होते, कोणता आवाज, एवढ्याच नोंदी असतात. तर्क वेगळ्या रकान्यात लिहायचा असतो. 'आई सोडून गेली' हे निरीक्षण नव्हते, तो तर्क होता. 'पक्षी उडाला' एवढेच निरीक्षण होते. हा भेद मुलांना एकदा समजला की तो इतर विषयांतही उपयोगी पडतो, आणि गावातल्या अफवांच्या बाबतीतही.

माळावर जाण्याचे नियम आम्ही पाचच ठेवले आहेत. घरटे दिसले तर थांबायचे नाही, चालत राहायचे. गवत बाजूला सारायचे नाही. अंड्याला हात लावायचा नाही. घरट्याजवळ काठी, दगड अशी खूण ठेवायची नाही, कारण खूण कुत्र्यालाही दिसते. आणि जागा इतरांना सांगायची नाही, फक्त शिक्षकांना सांगायची.

वर्षातून एकदा आम्ही मुलांना पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यात नेतो. १९९४ साली घोषित झालेले हे सुमारे तीस चौरस किलोमीटरचे अभयारण्य मोरांसाठी प्रसिद्ध आहे. पण मोर पाहायला गेलेली मुले आता गवताकडेही पाहतात. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत आपल्या 'व'सारख्या ध्वनीसाठी लाव्याच्या पिल्लाचे चित्र काढत, हे सांगितल्यापासून काही मुले वहीच्या पानावर आपल्या नावातला 'व' तसा काढतात. तेही आम्ही चालू दिले आहे.

या वह्यांमधली एक नोंद आम्हाला विसरता येत नाही. दिवाळीनंतर जिल्ह्यातील लाखो माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात आणि आपल्या वसतिगृहातील निम्म्याहून अधिक खाटांवर आईवडिलांच्या आठवणी झोपायला येतात. त्याच सुमारास हिवाळी लावा येथे उतरतो आणि आईवडील परततात त्या सुमारास तो निघून जातो. एका मुलीने आपल्या वहीत लिहिले होते : 'आई गेली त्या आठवड्यात हा आला. याचे घर लांब आहे. हाही परत जातो.' तिने याहून अधिक काही लिहिले नव्हते. आम्ही तिच्या नोंदीखाली सही केली आणि तारीख घातली.

शेवटी

आपल्या शाळेच्या भिंतीवर प्रज्ञा, शील, करुणा हे तीन शब्द लिहिलेले आहेत. बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा आहे. ती मुलांना पाठ होती आणि त्यांच्या मनात खरी करुणाही होती. तिच्याच भरात त्यांनी सहा अंडी आईपासून तोडली. आमच्याही मनात करुणा होती आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. जे नव्हते ते ज्ञान. तीन शब्दांत प्रज्ञा पहिली का, हे आम्हाला त्या खोक्यापाशी समजले. आणि ते ज्ञान ग्रंथालयात नव्हते, तर ज्याला आपण कधी शिक्षक मानले नसते अशा एका वृद्धाजवळ होते. ते आजोबा आता दर पावसाळ्यात सहावीचा एक तास घेतात. हजेरीपत्रकाच्या रकान्यात त्यांचे नाव 'अतिथी शिक्षक' म्हणून असते. पहिल्या वर्षी त्यांचा नातू वर्गात मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या वर्षी त्यानेच आजोबांची ओळख करून दिली.

टोपीतून अंडी आणणारा मुलगा दहावी होऊन गेला. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. वडील बांध पेटवायला निघाले होते. 'आधी चालून येऊ' म्हणून तो त्यांना घेऊन बांधावरून गेला. मध्यावर एक लावी उडाली. दोघे न थांबता पुढे गेले आणि तेवढा तुकडा तसाच ठेवला. उरलेला बांध विळ्याने कापला. तीन आठवड्यांनी तो एकटा जाऊन आला.

"पाच कवचे होती, सर," तो म्हणाला. "वाटीसारखी. टोपणे बाजूला पडली होती."

पिल्ले पाहिलीस का, असे आम्ही विचारले. तो हसला. "ती कशी दिसतील? ती त्याच दिवशी चालत गेली असणार."

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, तुमच्यापैकी अनेकांचे बांध आहेत, अनेकांची मुले शाळेत जाऊ लागली आहेत. वर्धापनदिनाला याल तेव्हा एक सकाळ राखून ठेवा. सहावीची मुले तुम्हाला माळावर घेऊन जातील. त्यांचे पाच नियम मात्र तुम्हालाही पाळावे लागतील.